वेगवेगळ्या भागांची जुनी मोटारसायकल: साल कसं ठरवायचं?

जुनी मोटारसायकल घराबाहेर उभी राहिली की शेजारी आणि रस्त्याने जाणारे, सगळे एकच विचारतात, "कुठल्या सालची?" मालक चटकन एक आकडा सांगतो. तो बहुतेक वेळा आरसी बुकातला असतो, नाहीतर विकणाऱ्याने सांगितलेला. गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली असेल तर तो आकडा बरोबर निघण्याची शक्यता असते. पण आपल्याकडच्या पन्नास-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाड्या तशा क्वचितच राहिल्या आहेत. फ्रेम एका गाडीची, इंजिन दुसऱ्या गाडीचं, पुढचा फोर्क तिसऱ्या मॉडेलचा आणि टाकी जी मिळाली ती, अशीच बहुतेकांची स्थिती असते.

अशा गाडीला एक साल नसतं. तिच्या प्रत्येक मोठ्या भागाला आपापलं साल असतं. म्हणून आधी प्रत्येक भागाचं साल पुराव्यानिशी शोधायचं, आणि मग त्यांतलं कोणतं साल गाडीचं म्हणायचं ते ठरवायचं. हे काम घरी, थोड्या साधनांनी आणि बऱ्याच धीराने करता येतं. ते कसं करायचं ते या लेखात क्रमाने पाहू.

भाग मिसळले कसे?

भागांची सरमिसळ झाली म्हणजे कुणी फसवणूकच केली असं धरून चालू नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने बीएसए एम२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३एल अशा गाड्या हजारोंनी वापरल्या. लष्करी वर्कशॉपमध्ये गाडी आली की तिचंच इंजिन दुरुस्त होऊन परत तिच्यावर बसेपर्यंत कोणी थांबत नसे. तयार असलेलं इंजिन चढवायचं आणि गाडी रवाना करायची, अशी रीत होती. म्हणजे काही गाड्यांमधली सरमिसळ त्या मुलकी माणसाच्या हाती येण्याआधीचीच आहे.

युद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या गाड्या आपल्याकडे रस्त्यावर आल्या. पुढे आयातीवर बंधनं आली, विलायती सुटे भाग मिळेनासे झाले आणि मिस्त्री जो भाग बसेल तो बसवू लागले. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार यांनी कित्येक गाड्यांना असे भाग पुरवले. ज्यांनी या गाड्या चालत्या ठेवल्या त्यांच्यामुळेच त्या आज आपल्यासमोर आहेत. त्यांनी केलेला प्रत्येक बदल गाडीच्या इतिहासाचा भाग आहे, आणि तो वाचता येणं हेच साल ठरवण्याचं कौशल्य.

तीन सालांतला फरक

पहिलं उत्पादनाचं साल, म्हणजे गाडी कारखान्यात प्रत्यक्ष तयार झाली ते. दुसरं मॉडेलचं साल. ब्रिटिश कारखान्यांचा नवा हंगाम जानेवारीत सुरू होत नसे. उन्हाळी सुटी संपली की साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून पुढच्या वर्षीचं मॉडेल बनू लागे. त्यामुळे ऑक्टोबर १९६७ मध्ये तयार झालेली गाडी १९६८ चं मॉडेल असते, आणि दोन्ही आकडे बरोबर असतात. तिसरं नोंदणीचं साल, म्हणजे आरटीओत पहिल्यांदा नोंद झाली ते.

लष्करातून आलेल्या गाड्यांच्या बाबतीत या तिसऱ्या सालाने मोठा घोळ होतो. १९४२ साली बनलेली गाडी १९४८ मध्ये मुलकी मालकाकडे आली, तेव्हा तिची नोंद झाली, आणि कागदावर "उत्पादन वर्ष १९४८" उमटलं. नंतरच्या प्रत्येक हस्तांतरात तेच साल उतरवलं गेलं. नंबर प्लेटवरूनही मर्यादितच अर्थ काढता येतो. एमएच-१२ किंवा एमएच-०१ अशा धाटणीचे क्रमांक १९८९ मध्ये नवा मोटार वाहन कायदा अमलात आल्यानंतरचे आहेत. जुन्या गाडीवर असा क्रमांक असेल तर तिची नोंद नंतर कधीतरी नव्याने झाली, एवढंच त्यातून कळतं.

धुण्याआधी पाहा

गाडी हाती आल्यावर रंग खरवडण्याची, बफिंग करण्याची घाई करू नका. जुन्या रंगाचे थर, टाकीखाली लपलेला लष्करी हिरवा पट्टा, कुठल्या बोल्टवर गंज सारखा चढलाय आणि कुठल्या बोल्टवर स्पॅनरच्या ताज्या खुणा आहेत, हे सगळे पुरावे आहेत. आधी भरपूर फोटो काढा: दोन्ही बाजूंनी, वरून, खालून आणि प्रत्येक सांध्याजवळून.

मग नंबरांच्या जागा साफ करा. रॉकेल, जुना दातांचा ब्रश आणि मऊ फडकं पुरतं. वायर ब्रश, ग्राइंडर आणि खरखरीत पॉलिश पेपर लांब ठेवा. पंचाच्या खुणा उथळ असतात आणि एकदा घासल्या गेल्या की परत येत नाहीत. टॉर्च तिरकी धरली की पुसट आकडेही सावलीमुळे उठून दिसतात. आरटीओच्या कामासाठी आपण चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने प्रिंट घेतो, तसाच प्रिंट इथे घ्या. तो फोटोपेक्षा जास्त भरवशाचा असतो, कारण अक्षरांची उंची आणि अंतर जसंच्या तसं कागदावर येतं.

कुठल्या भागाचं किती ऐकायचं?

सगळे भाग सारखी साक्ष देत नाहीत. जो भाग बदलायला अवघड, त्याची साक्ष मोठी.

पहिला मान फ्रेमचा. गाडीची ओळख फ्रेमवरून ठरते, आणि आपल्या कागदपत्रांतही चासी नंबर हाच मुख्य धरतात. फ्रेमवर फक्त नंबर पाहून थांबू नका. तिच्यावर कायमच्या जोडलेल्या गोष्टी पाहा: मागचा भाग ताठ आहे की स्विंग आर्मचा, सीटचे आणि टूलबॉक्सचे टेकू कुठे आहेत, स्टँडचे कान कसे आहेत. नंबर खोटा पाडता येतो, पण अख्ख्या फ्रेमची घडण बदलणं फार कठीण असतं. नंबर एक साल सांगतो आणि घडण दुसरं, असं दिसलं तर विश्वास घडणीवर ठेवा.

दुसरा मान इंजिनच्या केसचा. केस म्हणजे दोन ओतीव अर्धुकं. बऱ्याच ब्रिटिश कारखान्यांत ती जोडीने मशीन केली जात आणि जोडी चुकू नये म्हणून दोन्हींच्या बुडाशी एकच छोटा क्रमांक ठोकला जाई. इंजिन खाली उतरवलं असेल तेव्हा हे क्रमांक नक्की पाहा. ते जुळले नाहीत तर ते इंजिनच दोन इंजिनांचं झालेलं आहे. अशा वेळी डाव्या केसवरचा इंजिन नंबर फक्त डाव्या केसचा नंबर असतो.

त्यानंतर गिअरबॉक्स, फोर्क आणि चाकांचे हब येतात. हे भाग बोल्ट सोडले की निघतात, म्हणून त्यांची साक्ष आधाराला घ्यायची, निकालाला नाही. टाकी, मडगार्ड, हेडलाइट, सीट, सायलेन्सर आणि टाकीवरचा बिल्ला सर्वांत शेवटी. गंमत म्हणजे विकत घेणारा सर्वांत आधी याच भागांकडे पाहतो.

इथे एक नियम पक्का लक्षात ठेवा. कारखान्यातून निघालेली गाडी तिच्या मूळ भागांपैकी सर्वांत नव्या भागापेक्षा जुनी असू शकत नाही. एखादा भाग फ्रेमपेक्षा नवा असेल तर तो नंतर बसवलेला आहे. थोडा जुना असेल तर तो कारखान्याच्या साठ्यातला असू शकतो. खूप जुना असेल तर तो दुसऱ्या गाडीवरून आला आहे.

नंबर वाचण्याची दोन उदाहरणं

प्रत्येक कंपनीची नंबरांची रीत वेगळी. एका कंपनीचा नियम दुसरीला लावला की निष्कर्ष चुकतो.

ट्रायम्फच्या गाड्यांत साधारण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून इंजिन आणि फ्रेमचा नंबर एकच असे. त्यामुळे त्यानंतरच्या ट्रायम्फमध्ये दोन्ही नंबर वेगळे निघाले तर इंजिन किंवा फ्रेम बदलली आहे असं म्हणता येतं. १९६९च्या मॉडेलपासून ट्रायम्फ आणि बीएसए या दोघांनी दोन अक्षरांचा संकेत आणला. पहिलं अक्षर महिन्याचं: ए जानेवारी, बी फेब्रुवारी, सी मार्च, डी एप्रिल, ई मे, जी जून, एच जुलै, जे ऑगस्ट, के सप्टेंबर, एन ऑक्टोबर, पी नोव्हेंबर आणि एक्स डिसेंबर. दुसरं अक्षर मॉडेलच्या सालाचं: सी १९६९, डी १९७०, ई १९७१, जी १९७२, एच १९७३, जे १९७४, के १९७५, एन १९७६, पी १९७७, एक्स १९७८, ए १९७९ आणि बी १९८०.

आता "जेडी" ने सुरू होणारा नंबर वाचून पाहा. महिना ऑगस्ट आणि साल १९७०, म्हणून पुष्कळ जण "ऑगस्ट १९७०" असं लिहून टाकतात. प्रत्यक्षात १९७०च्या मॉडेलचा हंगाम ऑगस्ट १९६९ मध्ये सुरू झाला, म्हणून ती गाडी ऑगस्ट १९६९ मध्ये बनलेली आहे. ऑगस्ट ते डिसेंबरच्या अक्षरांसाठी मॉडेलच्या सालातून एक वजा करायचा, हे विसरू नका.

फ्रेमची घडण या संकेताला दुजोरा देते. १९७१पासून ट्रायम्फच्या ६५० सीसी गाड्यांत इंजिनाचं ऑइल फ्रेमच्या जाड नळीतच साठवलं जाऊ लागलं आणि वेगळी ऑइलची टाकी गेली. "डी" संकेताचं इंजिन अशा फ्रेममध्ये दिसलं तर ते मागाहून बसवलेलं आहे. पुढचा ब्रेकही साक्ष देतो. दोन अग्रगामी शूंचा ड्रम १९६८ मध्ये आला, शंकूच्या आकाराचा हब १९७१ मध्ये, आणि डिस्क १९७३ मध्ये. मात्र चाक सहज बदलतं, म्हणून हा पुरावा आधारापुरताच.

युद्धकाळातल्या बीएसएची रीत वेगळी होती. तिथे इंजिन आणि फ्रेमचे नंबर जुळण्याची पद्धतच नव्हती. दोन नंबर वेगळे दिसले म्हणून "इंजिन बदललंय" असं एम२०च्या मालकाला सांगणं चुकीचं ठरेल. तिथे नंबरच्या आधीची अक्षरं पाहायची. "केएम२०" हे १९३९चं, "डब्ल्यूएम२०" युद्धाच्या वर्षांतलं, आणि "एक्सएम२०" युद्ध संपल्यानंतरचं. त्यापुढे वाय आणि झेड आली. ही अक्षरं टप्पा सांगतात, नेमकं साल नाही. "डब्ल्यू" ने सगळी युद्धवर्षं झाकली जातात, म्हणून पुढचा आकडा लष्करी करारांच्या यादीशी ताडून पाहावा लागतो.

नंबर मूळचाच आहे का?

कारखान्यात नंबर पाडणाऱ्या माणसाचा हात रोजचा असे. अक्षरं थोडी वरखाली असणं नैसर्गिक आहे, पण त्यांचा आकार आणि वळण एकसारखं असतं. त्याच काळातल्या, खात्रीच्या दुसऱ्या गाडीच्या नंबराचा फोटो मिळवून आपल्या पेन्सिल प्रिंटशी ताडा. एखादा आकडा वेगळ्या पंचाचा वाटतो का, नंबरभोवतीची जागा बाजूच्या ओतीव पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत किंवा खोल आहे का, तिथे कानशीचे ओरखडे आहेत का, हे तपासा. ट्रायम्फने साधारण १९६९पासून इंजिनावरच्या नंबराच्या जागेत कंपनीचं बारीक बोधचिन्ह उठावात ओतायला सुरुवात केली. नंबर घासला की ती चिन्हंही जातात, आणि खाडाखोड लगेच उघडी पडते.

आकडे कानशीने घासले तरी पंचाच्या दाबाने खालचा धातू दबलेला राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा रसायनं लावून तिथला मूळ नंबर परत दिसू शकेल असं करतात. हा प्रयोग घरी करू नका. नंबर गंजून गेला असेल किंवा संशयास्पद असेल तर स्वतः पंच घेऊन तो "उजळवू" नका आणि मिस्त्रीलाही करू देऊ नका. चासी नंबरात फेरफार करणं गुन्हा आहे, आणि हेतू चांगला असला तरी पुरावा मात्र कायमचा नष्ट होतो. अशा वेळी आरटीओकडे लेखी अर्ज करणं हाच मार्ग.

छोट्या भागांवरच्या तारखा

ल्युकास कंपनीच्या मॅग्नेटो, डायनॅमो आणि अल्टरनेटरवर अनेकदा महिना आणि साल ठोकलेलं असतं. "५ ४४" म्हणजे मे १९४४. अमल कार्बुरेटरच्या अंगावर प्रकाराचा क्रमांक असतो. २७६ हा एम२०च्या काळातला, मोनोब्लॉक १९५५च्या सुमाराचा आणि कॉन्सेंट्रिक १९६७पासूनचा. फोर्कही बोलतो. एम२०वर मूळचा गर्डर फोर्क होता, आणि टेलिस्कोपिक फोर्क १९४०च्या दशकाच्या अखेरीस आला. हे सगळं एका कागदावर भागनिहाय लिहीत जा.

एक तपास, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा तुमच्यासमोर एक बीएसए आहे. आरसी बुकात साल १९४९. फ्रेमवर "डब्ल्यूएम२०", इंजिनावर "एक्सएम२०", पुढे टेलिस्कोपिक फोर्क, कार्बुरेटर मोनोब्लॉक, आणि डायनॅमोवर "५ ४४".

फ्रेम युद्धकाळातली, म्हणजे १९४० ते १९४५ मधली. इंजिन युद्धानंतरचं, म्हणून ते मागाहून आलं. फोर्क आणि कार्बुरेटर त्याहून नवे, तेही नंतरचे. डायनॅमोचा निकाल फ्रेमच्या आकड्यावर अवलंबून आहे. फ्रेमचा नंबर यादीत १९४४च्या उत्तरार्धात बसला तर डायनॅमो मूळचा असू शकतो, १९४१ मध्ये बसला तर तोही नंतरचा. आरसीतलं १९४९ हे मुलकी नोंदणीचं साल. मग या गाडीचं वर्णन असं होईल: "युद्धकाळातली बीएसए एम२० फ्रेम, युद्धोत्तर एम२० इंजिन, नंतर बसवलेला टेलिस्कोपिक फोर्क आणि मोनोब्लॉक कार्बुरेटर, पहिली मुलकी नोंदणी १९४९." एका आकड्याने जे कळलं नसतं ते या एका वाक्यात आहे.

बुलेट आणि जावाबद्दल सावधगिरी

आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ बुलेटचा होतो. मद्रासमध्ये १९५५पासून ३५० सीसी बुलेटची जुळणी सुरू झाली, आणि पुढे कित्येक दशकं तिची मूळ घडण फारशी बदलली नाही. १९६५चा भाग १९८५च्या गाडीवर बसतो, हे मिस्त्रीसाठी सोयीचं, पण साल शोधणाऱ्यासाठी अवघड. टाकीवरच्या नावावर विसंबू नका. दीर्घकाळ या गाड्यांवर "एनफील्ड" एवढंच असे. आयशरने १९९४ मध्ये कंपनी घेतल्यानंतर "रॉयल एनफील्ड" हे नाव पुन्हा रूढ झालं. टाकी आणि स्टिकर दोन्ही आज कुठेही मिळतात. इंजिन आणि चासी नंबर, विजेची यंत्रणा ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, ब्रेकचे हब आणि मूळ कागद यांचा एकत्र विचार करा.

जावा-येझदीत वेगळी अडचण आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६०च्या दशकात जावा आणि पुढे सत्तरीच्या दशकात येझदी नावाने गाड्या काढल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. जावाला आज जास्त किंमत येते, म्हणून येझदीच्या फ्रेमवर जावाची टाकी आणि बिल्ले चढवलेल्या गाड्या बाजारात दिसतात. घेताना आधी टाकी उतरवायला सांगा, मग चासी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडा.

कागद, दाखले आणि कायदा

ब्रिटिश गाड्यांसाठी उत्तम पुरावा म्हणजे कारखान्याच्या नोंदवह्या. इंग्लंडमधल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे, तसंच बीएसए आणि रॉयल एनफील्डच्या मालकांच्या संघटनांकडे, फ्रेम आणि इंजिन नंबर पाठवून तारखेचा दाखला मागता येतो. पत्र पाठवताना पेन्सिल प्रिंटचे आणि फ्रेमच्या घडणीचे स्पष्ट फोटो जोडा. घरची जुनी पावती, विम्याचे कागद आणि आजोबांचा गाडीसोबतचा फोटो हेही जपून ठेवा. आरटीओतून गाडीच्या नोंदीचा जुना तपशील मागून पाहा.

२०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न केलेल्या, व्यावसायिक वापर नसलेल्या दुचाकी आणि चारचाकी यांत येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००, आणि नोंदणीची मुदत १० वर्षं. नव्या क्रमांकात "व्हीए" ही अक्षरं असतात, आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. अर्जात सालाचा जो दावा कराल तो तपासला जाईल, म्हणून भागनिहाय यादी आणि पुरावे सोबत ठेवा. फ्रेम एका सालची आणि इंजिन दुसऱ्या सालचं असेल तर ते स्पष्ट लिहा.

निष्कर्ष कसा लिहावा

शेवटी एका पानावर चार रकाने आखा: भाग, त्यावरचा नंबर किंवा खूण, अंदाजे साल, आणि हे साल कशावरून ठरवलं. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. खात्री नसेल तिथे "१९४० ते १९४५" असा अवधी लिहा. गाडीला एकच साल द्यायची वेळ आली तर फ्रेमचं द्या, आणि इंजिन वेगळं असेल तर त्याच वाक्यात सांगा. विकताना हे पान घेणाऱ्याला द्या, विकत घेताना असंच पान मागा.

मिसळलेल्या भागांची गाडी कमी मोलाची नसते. खोट्या सालाने मात्र तिचं मोल कमी होतं, कारण मग तिच्याबद्दलच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मूळचा फोर्क पुढेमागे मिळाला तर बसवा, पण काढलेला फोर्क टाकून न देता त्याची नोंद त्याच पानावर करून ठेवा. पुढच्या मालकाला तुमच्यापेक्षा एखादी जास्त माहिती मिळेल, आणि ती नोंदवायला त्या पानावर जागा असेल.